केस काय, येतील परत

"केस काय गं, येतील परत." हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय की मी मोजणं सोडून दिलं. आईने, सासूबाईंनी, ऑफिसातल्या सगळ्यांनी, केमो घेत होते त्या डेकेअर वॉर्डातल्या सिस्टरनी, आणि एकदा तर लिफ्टमध्ये भेटलेल्या, जेमतेम तोंडओळखीच्या एका काकांनी. वाक्य खरं आहे. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत खरं असतं, माझ्याही बाबतीत खरं ठरलं. पण खरी असूनही ज्यांचा काडीचा उपयोग होत नाही अशी काही वाक्यं असतात त्यातलंच हे एक, आणि ते का उपयोगाचं नाही हे मला तेव्हा धड सांगता आलं नाही, कारण तेव्हा मी "हो ना" म्हणून हसण्यातच सगळी ताकद घालवत होते. आता सांगते.

केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टर समोर बसवून यादी सांगतात. मळमळ, उलट्या, जुलाब, तोंड येणं, हातापायाला मुंग्या, पांढऱ्या पेशी खाली जाणं, ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. ही सगळी जिवाशी खेळणारी मंडळी. आणि एवढं सगळं ऐकून झाल्यावर "काही विचारायचंय?" म्हटलं की आपल्या तोंडातून काय बाहेर पडतं, तर "केस जाणार का?" मला वाटलं होतं डॉक्टर मनात म्हणतील, बघा, हिला कशाची पडलीये. पण त्यांना तो प्रश्न अपेक्षितच असावा. त्यांनी सरळ माझ्याकडे बघून सांगितलं, "या औषधांनी जाणार. सगळे जाणार." मला त्या उत्तराचं फार बरं वाटलं होतं खरं तर. "बघू या, काहींचे जातात काहींचे राहतात" असलं गुळमुळीत काही ऐकलं असतं तर रोज सकाळी उशी तपासत बसले असते.

बरं, सगळ्याच केमोने सगळ्यांचे केस जात नाहीत, हे आधी सांगायला हवं, कारण केमो म्हणजे टक्कल असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड, पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल ही नावं फाइलवर असली तर बहुधा जातात. काही औषधांनी नुसते विरळ होतात, शेजारच्या माणसाला कळतही नाही. आणि रेडिएशनमध्ये तर जिथे किरण देतात तेवढ्याच भागातले जातात, छातीला रेडिएशन घेणाऱ्या बाईचे डोक्यावरचे केस त्याने जात नाहीत. हे मला माहीत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना अजून माहीत नाही.

जातात का, तर कारण अगदी साधं आहे आणि मला ते कळल्यावर राग थोडा कमी झाला. केमोचं औषध कॅन्सरची पेशी नेमकी ओळखून मारत नाही, भराभर दुभंगणाऱ्या पेशींवर ते तुटून पडतं. आता शरीरात भराभर दुभंगणाऱ्या पेशी अजून कुठे असतात? तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात, आणि केसाच्या मुळाशी. म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, रक्ताचे रिपोर्ट घसरतात, आणि केस जातात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणजे तडाख्यात सापडायला सगळे एकदम तयार. केस मुळातून उपटला जातो असंही नाही, वाढ थांबल्यामुळे तो मुळाशी बारीक होतो आणि तिथे तुटतो. पण त्या मुळाच्या वरच्या बाजूला ज्या मूळपेशी असतात त्या बऱ्यापैकी निवांत असतात, सारख्या दुभंगत नाहीत, म्हणून त्या वाचतात, आणि त्यांच्या जिवावर केस परत येतात. तेव्हा "येतील परत" याला शास्त्राचा आधार आहे, मी नाही म्हणत नाही.

पहिल्या डोसनंतर लगेच काही होत नाही. हा काळ मला सगळ्यात विचित्र वाटला. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, सलाइनमधून गेलं, घरी आल्यावर लघवीसुद्धा लाल झाली (हे आधी सांगितलेलं असतं, तरी बघून पोटात गोळा येतोच), मळमळ आली आणि गेली, आणि केस जिथल्या तिथे. दोनेक आठवडे एकदम नॉर्मल. एवढं नॉर्मल की मनात येऊन जातं, काय सांगावं, आपण त्या अपवादांपैकी असू. मग एक दिवस डोकं दुखायला लागतं. आतून नाही, वरून. दिवसभर घट्ट पोनी बांधून रात्री सोडल्यावर जसं ठणकतं तसं, पण पोनी न बांधताच, आणि थांबतच नाही. उशीवर डोकं टेकवलं की केसांच्या मुळांना टोचतं. हे मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या यादीत नव्हतं. पुढे डेकेअरमध्ये बाकीच्या बायकांशी बोलताना कळलं की बऱ्याच जणींना होतं, आणि जवळजवळ प्रत्येकीला वाटलेलं असतं की हे फक्त आपल्यालाच होतंय.

आणि त्यानंतर सुरू. सिनेमात दाखवतात तसा कंगव्यात हळूच एक पुंजका येत नाही. सगळीकडे येतात. उशीवर, कुर्त्याच्या आत पाठीला, की-बोर्डमध्ये, टॉवेलवर, बाथरूमच्या जाळीत, तोंडात. हात फिरवला की हातात. हात नाही फिरवला तरी खांद्यावर. मला दुःख व्हायच्या आधी कंटाळा आला, खरं सांगते, दिवसभर झाडत बसायचा कंटाळा. घरातले सगळे आपापल्या परीने न बघितल्यासारखं करत होते, नवरा मी उठायच्या आत उशीचा अभ्रा बदलून टाकायचा आणि विषय काढायचा नाही, मुलगी जाळी साफ करून यायची आणि अभ्यासाला बसायची. दोन-तीन दिवस हा प्रकार चालला आणि मग मीच म्हटलं ट्रिमर आणा.

इथे एक कामाची गोष्ट, वस्तऱ्याने किंवा ब्लेडने काढू नका. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही खाली असण्याची शक्यता असते, बारीक कापलं तरी इन्फेक्शनला दार उघडं आणि रक्त लवकर थांबत नाही. ट्रिमरने बारीक करायचे, तुरळक खुंट राहिले तर राहू द्यायचे, ते आपोआप जातात. आमच्याकडे नवऱ्याने केले. फार काही नाट्य झालं नाही, कानामागे बराच वेळ अडकला होता आणि मी त्याला ओरडत होते. माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, मी पण टक्कल करतो, तुला सोबत." मी म्हटलं अजिबात नको. त्याला वाटलं मी त्याची काळजी करतेय. तसं नव्हतं रे बाबा, तुझे पुढच्या आठवड्यात उगवायला लागणार, महिन्याभरात तू माझ्या पुढे निघून जाशील आणि मी ते बघत बसू? सोबत म्हणून टक्कल करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण हा हिशोब कुणी करत नाही.

थंड टोपीचं मला आधी माहीत नव्हतं. औषध चालू असताना डोक्यावर एक टोपी घालतात, तिच्यातून अतिथंड द्रव फिरत असतो, डोक्याच्या कातडीचं तापमान साधारण १८ ते २२ अंश सेल्सियसपर्यंत उतरतं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं आणि तिथल्या पेशींचं कामही मंदावतं. अमेरिकेत औषधं आणि यंत्रांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने अशा पहिल्या यंत्राला २०१५ च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली, स्तनाच्या कॅन्सरसाठी, आणि २०१७ मध्ये ती इतर घट्ट गाठींच्या कॅन्सरसाठीही वाढवली. २०१७ च्याच फेब्रुवारीत दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले, एकात टोपी घातलेल्यांपैकी निम्म्या बायकांचे केस टिकले, दुसऱ्यात ६६ टक्क्यांचे, आणि न घातलेल्यांपैकी दोन्हीकडे एकीचेही नाही. टिकले म्हणजे पूर्वीइतके राहिले असं नाही हं, निम्म्याहून कमी गेले असा अर्थ. टॅक्सेन गटातल्या (पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल) औषधांना ती जास्त लागू पडते, माझ्या लाल औषधाला कमी. ब्लड कॅन्सरमध्ये वापरत नाहीत, कारण तिथे कॅन्सरच्या पेशी रक्तातून सगळीकडे फिरत असतात आणि डोक्याच्या कातडीत औषध पोचायलाच हवं.

मी ती घातली नाही. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि मला आधीच त्या खुर्चीत कमीत कमी वेळ बसायचं होतं, टोपी औषधाच्या अर्धा तास आधी चढवायची आणि औषध संपल्यावरही दीडेक तास काढायची नाही म्हटल्यावर माझा निर्णय झाला. शेजारच्या खुर्चीतल्या ताईंनी घातली होती. पहिली दहा-पंधरा मिनिटं त्या डोळे घट्ट मिटून बसायच्या, मग सवय व्हायची म्हणे. त्यांचे बरेचसे राहिले. मला त्यांचा हेवा वाटला का, तर वाटला. त्यांना कुणीतरी म्हणालं होतं, "जीव महत्त्वाचा की केस, एवढा अट्टहास कशाला." त्या म्हणाल्या, "माझी शाळा आहे, मला वर्गात उभं राहायचंय. मुलांना काय काय सांगत बसू?"

त्यांच्या त्या वाक्याने मला माझंच कोडं सुटलं.

डोक्यावर केस असेपर्यंत कॅन्सर माझा होता. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, किती सांगायचं हे मी ठरवत होते. बॉसला सांगितलं, टीमला नाही. बहिणीला सगळं, आत्याला थोडं. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, पालकसभेत मी एक साधी बाई होते जिच्या मनात काय चाललंय कुणाला कळत नव्हतं. केस गेले आणि हा अधिकार गेला. आता मी दारातून आत आले की माझ्याआधी माझा आजार आत यायचा. लोकांचे चेहरे मऊ पडायचे, आवाज खाली यायचे, रांगेत पुढे जा म्हणायचे, आणि ज्यांना मी आयुष्यात कधी काही सांगितलं नसतं ते त्यांच्या काकांना झालेल्या कॅन्सरची शेवटपर्यंतची हकीकत उभ्या उभ्या सांगायचे. शेवट काय ते सांगायला नको. म्हणून म्हणते, "येतील परत" हे उत्तर ज्या प्रश्नाचं आहे तो प्रश्न माझा नव्हताच. मी दिसते कशी हा भाग होता, नाही असं नाही, खोटं कशाला बोलू, माझे केस मला आवडायचे. पण खरी बोच ही होती की गाठ काढली, छातीवर व्रण आला, तरी तो कपड्याखाली होता, माझ्यापुरता होता. टक्कल ही एकच गोष्ट अशी की ती माझ्या परवानगीशिवाय सगळ्यांना सगळं सांगत सुटली.

आणि तेवढ्यात "किती ब्रेव्ह आहेस तू" असं म्हणणारे. अहो, मी दूध आणायला खाली आले होते.

विग घेतला. विगबद्दल बायका दोन टोकांच्या असतात, काहींना त्याशिवाय बाहेर पडवत नाही आणि काहींना डोक्यावर मांजर बसवल्यासारखं वाटतं. मी मधली. सिंथेटिक घेतला, तो हलका असतो, धुतला तरी आकार धरून राहतो, फक्त उष्णतेशी त्याचं वैर, गॅससमोर वाकलात किंवा गरम वाफेवरचं झाकण काढलंत की पुढचे केस आखडतात आणि मग ते सरळ होत नाहीत. खऱ्या केसांच्या विगचं रोजचं बघावं लागतं, विंचरणं, सेट करणं, म्हणजे आपले नव्हते तेव्हा दुसऱ्याचे सांभाळा. विग शक्यतो स्वतःचे केस असतानाच बघून ठेवावा, रंग आणि भांग जुळवता येतो, आणि केस गेल्यावर तो थोडा सैल होतो हे धरून चालावं. आतून मखमली पट्टी बांधली की सरकत नाही. खाज येते, उकडतं, वाऱ्यात हात आपोआप डोक्याकडे जातो, आणि कुणी मिठी मारायला पुढे आलं की आपण ताठ होतो. पण त्या विगने मला व्हिडिओ कॉलवर माझं आधीचं, काहीच न सांगणारं तोंड परत दिलं, आणि त्यासाठी मी त्याचे सगळे गुन्हे माफ केले. घरात आल्या आल्या काढून खुंटीला. घरात मऊ सुती टोपी, कारण टकलाला थंडी फार वाजते हे मला त्याआधी कळलं नव्हतं, रात्री तर अगदीच. आणि उन्हात गेलात तर डोक्यालाही सनस्क्रीन लावा, त्या कातडीने आयुष्यात कधी ऊन बघितलेलं नसतं.

डोक्याची तयारी सगळे करतात, चेहऱ्याची कुणी करत नाही. भुवया आणि पापण्या. यांचं वाढीचं चक्र डोक्यावरच्या केसांपेक्षा खूप छोटं असतं, त्यामुळे त्या बऱ्याचदा उशिरा जातात. माझ्या शेवटच्या डोसच्या आसपास गेल्या, म्हणजे लोक अभिनंदन करायला येतायत आणि माझ्या चेहऱ्यावर चेहराच नाही. टकलाने मी आजारी दिसत होते, भुवया गेल्यावर मी मी दिसेनाशी झाले. पापण्या नसल्या की डोळ्यात सारखं काहीतरी जातं आणि पाणी वाहतं, लोकांना वाटतं रडतेय. नाकातले केस जातात तेव्हा नाक सूचना न देता गळतं, रुमाल हातातच ठेवावा लागतो. असल्या बारक्या केसांचं महत्त्व कुणाला असतं एरवी! एक करून ठेवा, केमोआधी स्वतःच्या भुवयांचा जवळून एक नीट फोटो काढा. पेन्सिलने काढायची वेळ आली की तो बघून काढता येतात, नाहीतर आठवणीतून काढलेल्या भुवया कायम आश्चर्यचकित दिसतात.

पुरुषांना हे कुणी विचारतच नाही. डेकेअरमध्ये एक काका होते, भारदस्त आवाज, त्यांच्या मोबाइलवरच्या फोटोत चांगली झुपकेदार मिशी. ती गेली होती. टक्कल त्यांना चाललं, "तसंही अर्धं होतंच" म्हणायचे. पण मिशीवरून एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला विग तरी मिळतो हो. मला मिशी कोण देणार?" आम्ही दोघं हसलो, सिस्टर हसल्या, आणि नंतर बराच वेळ ते तोंडावर हात ठेवून बसले होते. त्यांनाही म्हणाले असणार लोक, काका, पुरुषाला काय त्याचं.

केमो संपली. इथे बाकीच्यांची गोष्ट संपते. फोन कमी होतात, भेटायला येणारे थांबतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, प्रत्येकाला आपापलं आयुष्य आहे. पण तुम्ही अजून टकलू असता. उपचार संपले आणि दिसायला आहे तशीच, ही मधली जागा फार एकटी आहे, आणि तिच्याबद्दल बोललं जात नाही कारण आता तर आनंद व्हायला हवा ना. रोज सकाळी आरशासमोर मान तिरकी करून, खिडकीचा उजेड पाठीमागून घेऊन बघायचं, काही दिसतंय का. मग काही आठवड्यांनी दिसतं. जावळासारखं काहीतरी, रंग नसलेलं, हात उलटा फिरवला तरच कळणारं. मी ते नवऱ्याला दाखवलं तर तो चष्मा लावून आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "कुठे?"

त्यानंतर खरे केस यायला लागतात आणि गणित सुरू होतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एवढंच. काहीही लावा, काहीही खा. म्हणजे सहा महिन्यांनी सहा, वर्षाने बारा, आणि खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं तर सहज. त्यात सगळे केस एकाच वेळी, एकाच लांबीपासून निघालेले, त्यामुळे मानेवरचे आधी खाली पोचतात आणि डोक्यावरचे अजून वरच उभे. कानावरचे बाजूला पंख काढून बसतात. मग नीट दिसावं म्हणून मागचे कापावे लागतात. ज्या केसांची एवढी वाट बघितली तेच कापायला खुर्चीत बसायचं, हे मला फार दिवस जमलं नाही, आणि तेवढे दिवस माझं डोकं मागून अत्यंत विनोदी दिसत होतं, फोटो आहेत.

रंगही वेगळा आला. केसाला रंग देणाऱ्या पेशींनाही धक्का बसलेला असतो, त्यामुळे पहिले केस राखाडी, पांढरट. पुढे बरेचसे काळे झाले, सगळे नाही. डाय लावायची घाई करू नका, कातडी हुळहुळी असते, साधारण सहा महिने तरी थांबा असं सांगतात. आणि कुरळे! माझे आयुष्यभर सरळसोट, अगदी नावाला वळण नाही, आणि आता आले ते गोल गोल. केसाचा आकार त्याच्या मुळाच्या नळीच्या आकारावर ठरतो, आणि केमोनंतर तो काही काळ बदललेला असू शकतो. बऱ्याच जणींना होतं. लोकांना भयंकर आवडले. "फायदाच झाला की तुझा!" हे एका नातेवाईक बाईंनी म्हटलेलं वाक्य मी "येतील परत"च्या शेजारी जपून ठेवलंय.

उपाय सांगणारे याच काळात उगवतात, केसांच्या आधी. तेलं, लेप, रस, गोळ्या, व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ. बायोटिन नावाचं व्हिटॅमिन तर मला चार दिशांनी सुचवलं गेलं. केमोनंतर त्याने केस लवकर येतात याला धड पुरावा नाही, आणि वर ते रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं, थायरॉइडच्या, हृदयाच्या ट्रोपोनिनच्या, एफडीएने २०१७ मध्ये त्याबद्दल इशाराच दिला होता. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य रक्ताच्या रिपोर्टवर चाललंय त्याने हे घ्यावं? डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाने गळणं थांबत नाही पण परत येणं काहीसं लवकर होऊ शकतं, असं अभ्यासात दिसलंय, तेही आपल्या डॉक्टरांना विचारूनच. बाकी त्या महिन्याला एक सेंटिमीटरला पर्याय नाही.

आणि काहींचे येत नाहीत. हे हळू आवाजात का होईना पण सांगायला हवं. डोसिटॅक्सेलनंतर थोड्या बायकांचे केस कायमचे विरळ राहतात. हार्मोनच्या गोळ्या, टॅमॉक्सिफेन किंवा शरीरात इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज रोखणाऱ्या, ज्या पाच-पाच, दहा-दहा वर्षं घ्यायच्या असतात, त्यांनीही विरळ होतात. डेकेअरमधल्या माझ्या एका मैत्रिणीचे टाळूवर आलेच नाहीत नीट, चारही बाजूंनी आहेत आणि मध्ये कातडी दिसते. तिला लोक अजून म्हणतात, येतील. ती म्हणते, "मी आता लोकांना काय सांगू, नाही येणार म्हणून? मग तेच रडवेले होतात आणि त्यांची समजूत मला काढावी लागते." तेव्हापासून मी हे वाक्य कुणालाच म्हणत नाही. तिच्या तोंडावर ते दार बंद करतं. तिने स्कार्फ बांधायच्या इतक्या तऱ्हा शिकून घेतल्यात की आता बाकीच्या तिच्याकडे शिकायला येतात, आणि तरी ती म्हणते मला स्कार्फ आवडत नाही. दोन्ही खरं.

एक भीती मात्र केस आल्यावरच सुरू होते. नव्या केसांतला पहिला केस कंगव्यात आला तेव्हा मी बाथरूममध्ये स्टुलावर बसले. रोज ५० ते १०० केस गळणं हे कुणाचंही नॉर्मल, हे मला पाठ होतं. तरी मी तो केस उजेडात धरून बघत होते, आणि त्या संध्याकाळी स्कॅनची तारीख अजून किती लांब आहे ते कॅलेंडरवर बघून आले. आता तसं होत नाही. क्वचित होतं.

कुरळेपणाही गेला हळूहळू. मुळाशी परत माझे जुने सरळ केस यायला लागले आणि टोकाला ते केमोनंतरचे गोल गोल, मधोमध एक रेघच, कुठल्या महिन्यात काय चाललं होतं ते बोट ठेवून सांगता आलं असतं. शेवटी पार्लरला गेले. नेहमीच्या नाही, मुद्दाम नवीन, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. खुर्चीत बसले, त्या मुलीने टोकं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "मॅडम, पर्म केलं होतं का?"

मी आरशात तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, नुसता कामाचा प्रश्न. "हो," मी म्हटलं, "बरंच महागात पडलं."

"टिकत नाही हो ते," ती म्हणाली. "खालचे काढून टाकू सगळे?"

"काढ," म्हटलं, "पण कानाच्या वर जाऊ नकोस."